केळ्याला बंदी असलेलं घर

नोटीस चिकटवायला गल्लीच्या कमिटीचे सेक्रेटरी स्वतः आले नाहीत, कारण त्यांचा उजवा डोळा अजून उघडत नव्हता. त्यांनी ती पेपरवाल्याच्या हाती दिली आणि त्या शहाण्याने ती सिस्टरच्या दारावर, नेमकी बेलच्या बटणावर चिकटवली. म्हणजे आल्यागेल्याने आधी नोटीस वाचायची आणि मग बेल शोधायची.

‘घर नंबर सातच्या मागच्या अंगणातील मधमाश्यांच्या तीन पेट्या येत्या रविवारी सकाळी दहापर्यंत हलवाव्यात. न हलवल्यास फवारणी करून माश्या नष्ट करण्यात येतील.’

सिस्टरने ती दोनदा वाचली, दुसऱ्यांदा चष्मा लावून. मग तिथूनच दिराला हाक मारली.

“भावजी, ऐकलंत का? नष्ट करणार म्हणे! तीस वर्षं मी या गल्लीला सुया टोचल्या. लहानथोर सगळ्यांच्या कुल्ल्यांवर माझ्या हातच्या खुणा आहेत. तेव्हा मला नष्ट करायची नोटीस नाही काढली ती कुणी!”

“वहिनी, हळू,” भावजी आतून म्हणाले. “भिंतीपलीकडे ऐकू जातं.”

“जाऊ दे की! ऐकू जावं म्हणूनच ओरडतेय.”

बाई अशी होती. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात तीस वर्षं नर्स म्हणून राबली, तिचं खरं नाव गल्ली कधीच विसरून गेली. नवरा तिथेच कंपाउंडर. चार वर्षांपूर्वी तो गेला, आणि त्याच महिन्यात एक दिवस माश्यांचा हा एवढा घोळका उडत आला आणि मागच्या अंगणात त्याच्या बंद पडलेल्या स्कूटरच्या हँडलला लटकला. गल्ली म्हणाली, जाळून टाका. सिस्टर म्हणाली, “दारात आलेल्या पेशंटला मी परत पाठवत नाही,” आणि मधपेट्या विकणाऱ्या एका म्हाताऱ्याला बोलावून तिने माश्यांना पेटीत घर करून दिलं. एकीच्या तीन पेट्या झाल्या. लोक समजुतीने माना हलवायचे की दुःखात माणूस काहीतरी धरून बसतं, वर्षभरात सुटेल. सुटतंय कसलं! ते दुःख नव्हतंच मुळी, आवड होती. पण विधवा बाईला एखादी गोष्ट नुसती आवडू शकते, हे लोकांच्या पचनी पडायला जरा जड जातं.

भावजी म्हणजे नवऱ्याचा धाकटा भाऊ. प्लंबर, बिनलग्नाचे, माडीवरच्या खोलीत राहणारे. माश्यांची त्यांना एवढी धास्ती की चार वर्षांत त्यांनी मागच्या अंगणात पाऊल ठेवलं नव्हतं. स्वयंपाकघराच्या जाळीच्या खिडकीतून काय दिसेल तेवढं त्यांचं अंगण. पण माश्यांनी केलेल्या मधावर मात्र त्यांचा जीव, आणि मधापेक्षा मधाच्या दारूवर. दरवर्षी मध काढून झाला की सिस्टर त्यातला थोडा बाजूला ठेवायची. एक वाटा मध, तीन वाटे पाणी, चिमूटभर यीस्ट, आणि पाण्याच्या जारएवढ्या काचेच्या बाटल्यात ते सगळं आंबायला घालायचं. भावजींनी झाकणाला नळी बसवली होती आणि नळीचं दुसरं टोक पाण्याच्या ग्लासात बुडवलं होतं, म्हणजे आतली हवा बाहेर पडायची पण बाहेरची आत शिरायची नाही. दोन महिने त्या ग्लासात गुडगुड चालायची. मग वरचं नितळ तेवढं नळीने दुसऱ्या बाटल्यात ओढून घ्यायचं आणि वर्षभर विसरून जायचं. सिस्टर त्याला सरळ मधाची दारू म्हणायची. भावजी ‘मधाचं औषध’ म्हणायचे आणि कोठीच्या खोलीचं दार लावून घ्यायचे. विधवा वहिनी, बिनलग्नाचा दीर आणि बंद खोलीत दारू. लोकांच्या जिभेला अजून काय लागतं?

या घराचा आणखी एक नियम होता: घरात केळं आणायचं नाही. पेट्या विकणाऱ्या म्हाताऱ्याने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, “बाई, केळं खाऊन पेटीकडे जाऊ नका. एक माशी चावली की तिच्या डंखाला पिकल्या केळ्यासारखा वास सुटतो. तो वास आला की बाकीच्यांना वाटतं हल्ला झाला, चला.” सिस्टर नियमाची पक्की. तिने घरातच केळं बंद केलं. भावजींना केळं म्हणजे प्राण. ते बिचारे बसस्टॉपवर उभं राहून, पाठ करून खायचे, एखाद्याने विडी ओढावी तसे.

आणि एवढं सांभाळून मागच्या रविवारी जे व्हायचं ते झालंच. सकाळी सिस्टरने बाटला नितळून घेतला. नळी निसटली आणि अर्धा लिटर एप्रनवर सांडलं. तिने एप्रन काढून शेजारच्या भिंतीवर वाळत टाकला, हात धुतले, तोंडावर जाळी चढवली आणि मधली पेटी उघडली. भिंतीपलीकडे सेक्रेटरी विजेच्या मशीनने आपलं झुडपांचं कुंपण कापत होते. पाच मिनिटांत त्यांची किंकाळी आली. अकरा डंख, त्यातले सहा तोंडावर. सिस्टर धावत गेली, नखाने खरवडून एकेक काटा काढला, गोळी दिली आणि बर्फ धरून दोन तास त्यांचा श्वास मोजत बसली. बर्फ तिच्या हातात, आणि त्याच वेळी नोटीस त्यांच्या डोक्यात तयार होत होती. अर्थात त्यांना तरी दोष किती द्यायचा? माणूस वजनमाप खात्यातून निवृत्त झालेला, गल्लीत शेरभर कमी-जास्त खपवून न घेणारा, आणि आरशात बघावं तर ओळख पटेना.

सिस्टरला घोर लागला तो वेगळाच. चार वर्षांत असं झालं नव्हतं. राणी धडधाकट होती, हवा स्वच्छ होती, पेटीजवळ गांधीलमाशी फिरकली नव्हती. मग बिथरल्या का? ती आठवडाभर विचार करत होती. त्यात सर्दीने नाक चोंदलेलं, डोकं जड.

शुक्रवारी घर नंबर तीनच्या मास्तरीणबाई आल्या. शाळेतून निवृत्त झाल्या तरी बोलायचं ते फळ्यावर लिहून दिल्यासारखं. “हे बघ, मशीनच्या धडधडीने माश्या चिडतात, मी वाचलंय. रविवारी दहाला तुझ्याकडेच मीटिंग ठेवायला लावलीय मी, तिथे तू एवढंच म्हण. बाकी मी बघते. निम्मी गल्ली आपल्या बाजूने आहे. माझ्या वेलाला चार वर्षांपूर्वी भोपळा धरत नव्हता, फुलं यायची आणि गळायची. तुझ्या माश्या आल्यापासून मला भोपळे वाटून संपवावे लागतात. त्यांना मी मरू देते होय!”

म्हणजे सुटका आयती चालून आली होती. शनिवारी दुपारी सिस्टर उठली तर नाक मोकळं. कोठीत गेली आणि दारातच थबकली.

“भावजी!”

ते आले. सिस्टर कमरेवर हात ठेवून उभी.

“खरं सांगा. या घरात केळं कुणी आणलं?”

भावजींचा चेहरा पडला. चोराच्या मनात चांदणं! “वहिनी, आईशप्पथ, घरात नाही आणलं. गेल्या शनिवारी स्टॉपवर दोन खाल्ली. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही औषध ओतताना मला इथे तोच वास आला. वाटलं माझ्याच अंगाला येतोय. मग पुढे ते सगळं घडलं… आठवडाभर मला झोप नाही. पण मी अंगणात गेलोच नव्हतो हो!”

“दोन खाल्लीत?”

“तीन.”

सिस्टरने बाटल्याचं बूच काढलं आणि नाक खुपसलं. पिकलं केळं, अगदी सालासकट. मागच्या तीन वर्षांत असा वास कधी आला नव्हता. तिने बाटल्याच्या अंगाला हात लावला तर तो कोमट.

“हा कोपऱ्यातल्या गिझरला टेकवून कुणी ठेवला?”

“मीच,” भावजी म्हणाले. “ऊब मिळाली की लवकर होईल असं वाटलं.”

झालं. काखेत कळसा आणि गावाला वळसा! जास्त उबेत आंबलं म्हणून केळ्याचा वास धरला, तो एप्रनला लागला, तो एप्रन बाईने चोंदल्या नाकाने भिंतीवर टाकला, सेक्रेटरींच्या कानापासून हातभर अंतरावर, आणि वर पेटी उघडली. नंतर गडबडीत एप्रन बादलीत बुडवला, तो कुणी पाहिलाही नाही. ज्या घरात चार वर्षं केळं शिवलं नाही, त्या घराने स्वतःच्या हाताने केळं तयार केलं होतं.

“वहिनी, एक ऐका,” भावजी हळूच म्हणाले. “मशीनचं कारण आयतं मिळालंय. लोक मानतायत. कशाला हात दाखवून अवलक्षण? दारूचं कळलं तर लोक काय म्हणतील?”

“लोक चार वर्षं म्हणतातच आहेत, हळू आवाजात. उद्या मोठ्याने म्हणतील, मला ऐकू तरी येईल.” सिस्टरचा आवाज चढला. “आणि चोर सोडून संन्याशाला फाशी? त्यांचं मशीन बंद करायचं आणि पुढच्या वर्षी मी परत तसाच एप्रन टाकायचा? तेव्हा डोळ्याऐवजी त्यांचा घसा सुजला तर? चुकीचं निदान करून पेशंटला घरी पाठवायचं, हे मी तीस वर्षांत केलं नाही. आता काय म्हणून करू?”

 सिस्टरने कपाटातून नवऱ्याचा जाड काळा स्वेटर काढला आणि कात्रीने त्याच्या दोन्ही बाह्या कचाकच कापल्या.

“दादाचा स्वेटर!”

“दादा असते तर त्यांनी स्वतः कापून दिला असता.”

रविवारी दहाला चौदा घरांतली माणसं तिच्या स्वयंपाकघरात दाटीवाटीने उभी राहिली. दारापाशी फवारणीवाला पाठीवर टाकी घेऊन. सेक्रेटरींचा डोळा फटीएवढा उघडला होता. मास्तरीणबाईंनी सुरुवात केली, “मुळात मशीनच्या आवाजाने…”

“मशीनने नाही,” सिस्टर म्हणाली. “मशीनचा काही दोष नाही. माश्यांचाही नाही. माझा आहे.” आणि तिने बाटला टेबलावर दणकन ठेवला. “ही मधाची दारू. मी करते, भावजी मदत करतात, आणि दोघं पितो.”

मास्तरीणबाईंनी कपाळाला हात लावला. मागे कुणीतरी खाकरलं, कुणीतरी “अगंबाई” म्हणालं. भावजी जिन्यावरून वर निघून गेले. सिस्टरने सगळं सांगितलं: गिझर, केळ्याचा वास, एप्रन, भिंत. काही गाळलं नाही, काही घातलं नाही.

“म्हणजे घरात दारू करता, वर कबूल करता,” सेक्रेटरी म्हणाले, “आणि आम्ही यावर विश्वास ठेवायचा? पुरावा काय?”

“मला वाटलंच होतं, तुम्ही मापाशिवाय ऐकणार नाही.” तिने बाह्या पुढे केल्या. “एकाच स्वेटरच्या दोन बाह्या. ही पाण्यात बुडवते, ही यात. तुमच्यासमोर. बाहेर पेटीच्या दोन बाजूंना दोन काठ्या आहेत, सारख्या अंतरावर. तुम्ही घड्याळ लावा, पाच मिनिटं. पाण्याच्या बाहीशेजारी मी उभी राहते. जाळी न लावता. मला चावल्या तर पेट्या घेऊन जा, मी दार धरून उभी राहीन.”

“अगं, वेडी आहेस का?” मास्तरीणबाई म्हणाल्या.

“आहे ना. गल्लीला विचार.”

जाळीच्या खिडक्या लावून घेतल्या. जाळीला नाकं टेकली. सिस्टरने कोपरापर्यंत हात धुतले, बाह्या काठ्यांना बांधल्या, पेटीचं झाकण काढलं आणि डाव्या बाहीपाशी जाऊन हात खाली सोडून उभी राहिली. पहिलं मिनिट काहीच नाही. मग एक माशी उजव्या बाहीभोवती घुटमळली, चिकटली. आणि मग आवाज बदलला. नुसती गुणगुण होती, तिला धार आली. दोन मिनिटांत उजवी बाही माश्यांनी मढून गेली. डावीवर एकही नाही. सिस्टरच्या कपाळावर एक येऊन बसली, चालली, उडाली. भीती तिलाही वाटत होती, का नाही वाटणार? माश्या एकदा पेटल्या की शेजारी कोण आहे ते बघत नाहीत. पण पाय हलवायचा नाही हे ठरलेलं.

“पाच!” सेक्रेटरी आतून ओरडले. मग म्हणाले, “पण हे धरता येणार नाही. तुमचा त्यांना रोजचा सराव आहे. दुसऱ्या कुणाला उभं करा.”

 प्रत्येकाला आपापल्या पायाच्या अंगठ्यात बघण्यासारखं काहीतरी सापडलं. फवारणीवाल्याने तर मानच फिरवली. सेक्रेटरी म्हणाले, “कुणीच नसेल तर…”

तेवढ्यात मागचं दार उघडलं. भावजी. आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून, केस ओले. पाचावर धारण बसलेली, ओठ पांढरे पडलेले. चार वर्षांत पहिल्यांदा त्यांनी पायरी उतरली, फरशीवरून चालत आले आणि सिस्टरच्या बाजूला डाव्या बाहीपाशी उभे राहिले.

“तुम्ही कशाला आलात?” सिस्टर ओठ न हलवता म्हणाली.

“गिझरला मी टेकवला होता,” भावजी म्हणाले आणि डोळे मिटले.

सेक्रेटरींनी परत घड्याळ लावलं. ते एकेक मिनिट मोठ्याने म्हणत होते. तिसऱ्या मिनिटाला भावजींचा श्वास अडकल्यासारखा झाला, पण ते हलले नाहीत. पाच झाली. सिस्टरने पेटीवर झाकण ठेवलं, धुराच्या डब्याने चार झोत मारले आणि माश्या निवल्यावर बाह्या आत आणल्या. सेक्रेटरींनी खिशातून भिंग काढलं, चिमटा मागितला, आणि टेबलाशी बसून एकेक काटा उपटत मोजला. काही म्हणा, मोजण्यात माणूस बेइमान नव्हता.

“पाण्याची बाही, शून्य. दारूची बाही, चौतीस.”

“चौतीस जणी मेल्या,” सिस्टर म्हणाली. “काटा तुटला की ती माशी जगत नाही. तुमच्या अंगावर अकरा मेल्या होत्या. माझ्या एका चुकीपायी पंचेचाळीस. हे पण लिहा.”

सेक्रेटरींनी लिहिलं. फवारणीवाल्याला म्हणाले, “तुम्ही निघा.” मग घसा साफ केला. “पेट्या राहतील. पण हा बाटला या घरातून गेला पाहिजे. ते आम्हाला चालणार नाही.”

सगळ्यांना वाटलं, आता बाई मान खाली घालेल. एवढं वाचलं, ते काय थोडं होतं? सिस्टरने बाटल्याला हात घातला आणि तो छातीशी धरला.

“नाही जाणार. नियम हवा तर देते, लिहून घ्या: ज्या दिवशी बाटला उघडीन, त्या दिवशी पेटी उघडणार नाही. एवढ्याने तुमचा डोळा वाचतो. त्यापुढे मी काय पिते, कुणाबरोबर पिते, याचा तुमच्या डोळ्याशी संबंध नाही. आणि यात माझं एकटीचं आहे तरी काय? माझ्या अंगणात तीन कुंड्या. माश्या जातात त्या तुमच्याकडे. यात मास्तरीणबाईंचा भोपळा आहे, अकरा नंबरचं लिंबू आहे आणि सेक्रेटरी, तुमच्या कुंपणाचीही फुलं आहेत, तुम्ही कापायच्या आधी मिळाली तेवढी. ओतायचं असेल तर प्रत्येकाने आपापलं वेगळं काढा आणि ओता.”

कुणी पुढे आलं नाही. मास्तरीणबाई म्हणाल्या, “माझं राहू दे आत.” सेक्रेटरींनी बराच वेळ पेन हातात धरलं, आणि शेवटी सिस्टरने सांगितला तोच नियम लिहून खाली सही केली.

घर रिकामं झालं. सिस्टर खुर्चीत बसली. भावजी भिंतीकडे तोंड करून उभे.

“वहिनी, जरा बघता का? कानामागे.”

तिने पाहिलं. कानामागे लालभडक गाठ आणि मधोमध काटा.

“अहो! कधी?”

“तिसऱ्या मिनिटाला.”

“मग ओरडला का नाहीत?”

“ओरडलो असतो तर तुमच्या पेट्या गेल्या असत्या.”

सिस्टरने नखाने काटा काढला. तिचे डोळे भरून आले, आणि तिने ते लपवलेही नाहीत. ज्या माणसाला खिडकीतून माशी दिसली तरी घाम फुटायचा, तो माणूस काटा रुतलेला घेऊन दोन मिनिटं उभा राहिला होता. तिने त्यांच्या हातात बर्फ दिला. मग उठली आणि तरातरा अंगणात निघाली.

“वहिनी, कुठे? अहो, नको! जिंकलोय आपण! कुणाला कळणार आहे?”

“आपल्याला कळलंय ना!” ती भिंतीपाशी गेली, टाचा उंचावल्या आणि गल्लीभर ऐकू जाईल असं ओरडली, “सेक्रेटरी! अहो सेक्रेटरी! आमच्या भावजींना एक चावली बरं का! लिहून घ्या!”

 पलीकडून आवाज आला.

“कुठे?”

“कानामागे!”

“कधी?”

“तिसऱ्या मिनिटाला! पाण्याच्या बाहीशी उभे असताना!”

 सिस्टर भिंत धरून उभी होती. मी दार धरून उभी राहीन असं तीच म्हणाली होती, आता शब्द फिरवायचा नव्हता.

“आणि पाच होईपर्यंत हलले नाहीत?” सेक्रेटरींनी विचारलं.

“नाही हलले!”

“मग तेही लिहितो,” सेक्रेटरी म्हणाले. “पेट्या आहेत तिथेच असू द्या.”

ती आत आली. भावजी कानामागे बर्फ धरून, शर्टाची कॉलर भिजवत, बाटल्याकडे बघत बसले होते.

“वहिनी, आज एक केळं खाऊ का?”

“खा की,” सिस्टर म्हणाली. “बसस्टॉपवर.”